स्वभावाक औषध नाय?

पत्र थोडक्यात: सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या एका गावातून एका वहिनींनी त्यांच्या धाकट्या दिराबद्दल लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दीर ३४ वर्षांचे, लग्न झालेलं नाही. मुंबईत ९ वर्षं नोकरी केली, कंपनी बंद पडली तसे गावी आले. कर्ज काढून होडीला इंजिन घेतलं, पण दोन हंगाम मासळीने हात दिला नाही आणि हप्ते थकले. स्वतःला कमी लेखायची सवय लहानपणापासूनची. ‘माझ्या हाताला यश नाही’, ‘मी नसतो तर घरातलं एक तोंड कमी झालं असतं’ ही वाक्यं घरात इतकी ऐकून झाली आहेत की आता कुणी मान वर करून बघतही नाही. यंदा नारळी पौर्णिमेला ते बंदरावर गेले नाहीत. गणपतीत मात्र एकदम शांत, हसतमुख झाले. भजनाला पखवाज वाजवला, सगळ्यांशी गोड बोलले. घरच्यांना हायसं वाटलं. विसर्जनानंतर दोन दिवसांनी त्यांनी आपला पाग (हाताने फेकायचं मासेमारीचं जाळं) पुतण्याला देऊन टाकला, आणि कर्जाचे, विम्याचे, बँकेचे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वहिनींच्या हातात दिले. ‘हे तुमच्याकडे असू दे,’ एवढंच म्हणाले. सासूबाई म्हणतात, ‘तो पयल्यापासून तसोच. स्वभावाक औषध नाय.’ त्यांना देवळात कौल लावायचा आहे. नवरा म्हणतो, त्याला काही विचारू नकोस, नसतं डोक्यात येईल. वहिनी विचारतात: ही नुसती माझी भीती आहे का? स्वभावच असा असेल तर आपण काय करणार? आणि विचारावं की गप्प राहावं?

ताई,

तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला. हे सदर छापून यायला पंधरा दिवस लागतात आणि हे पत्र पंधरा दिवस ठेवून देण्यासारखं नव्हतं. तेव्हा घाईघाईत जे बोलले, ते तुमच्या परवानगीने इथे सावकाश लिहिते आहे. असं पत्र लिहायला हवं होतं पण हात धजावला नाही, अशी घरं आपल्या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ही नुसती भीती नाही. तुम्ही जे पाहिलंत ते बरोबर पाहिलंत, आणि घरात ते फक्त तुम्हालाच दिसलं याचं मला नवल वाटत नाही. बाकीच्यांनी भाऊजींना तसं बोलताना जन्मापासून ऐकलंय. तुम्ही बाहेरून आलात, म्हणून तुमचे कान अजून जागे आहेत.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती त्या पिशवीची आणि गणपतीतल्या शांतपणाची. कर्ज आहे तेवढंच आहे. मासळी वाढलेली नाही, नोकरी लागलेली नाही. बाहेरचं काहीच बदललं नाही, मग आतलं वादळ एकाएकी कसं शमलं? कधी कधी माणूस खरोखरच सावरत असतो. पण महिनोन्महिने खचलेला माणूस एकदम निवांत होतो, आवराआवर करतो, जिवापाड जपलेली वस्तू कुणाला तरी देऊन टाकतो, कागद लावून ठेवतो, तेव्हा त्याने मनाशी काहीतरी ठरवून टाकलं असण्याचीही शक्यता असते. यातलं कुठलं हे बाहेरून कळत नाही. विचारावंच लागतं, आणि लगेच विचारावं लागतं.

म्हणून तुमच्या यजमानांचं म्हणणं मला पटत नाही, जरी त्यामागची माया मला कळते. विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. विचार आधीच आलेला असेल, तर कुणीतरी तो उच्चारला म्हणून माणसाला मोकळं वाटतं. आलेलाच नसेल, तर तो ‘छे’ म्हणेल, फार तर रागावेल. तो राग झेलता येतो.

फोनवर आपण ते वाक्य म्हणून पाहिलं, आठवतं? पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, ‘भाऊजी, तसलं काही मनात नाही ना?’ मी तुम्हाला थांबवलं. त्या ‘नाही ना’मध्ये उत्तर आपणच देऊन टाकतो. समोरच्याला कळतं की हिला ‘नाही’ ऐकायचं आहे, आणि ज्याला आधीच आपण सगळ्यांवर भार आहोत असं वाटतं तो तुम्हाला हवं तेच उत्तर देईल. दुसऱ्यांदा तुम्ही खूप प्रस्तावना केलीत. तिसऱ्यांदा म्हणालात, ‘भाऊजी, तुम्ही कागद माझ्याकडे दिलेत तेव्हापासून मला झोप नाही. जीव द्यावा असं मनात येतं का तुमच्या?’ हे वाक्य चांगलं आहे. त्यात आडपडदा नाही आणि आरोपही नाही. ते म्हटल्यावर गप्प राहा. ते दोन मिनिटं काही बोलणार नाहीत. ती दोन मिनिटं तुम्ही शब्दांनी भरू नका.

हे सगळ्यांसमोर करू नका, ते प्यायलेले असताना करू नका. पडवीत दोघं बसला आहात, हाताला काहीतरी काम आहे, एकमेकांकडे बघावंच लागत नाही, अशी वेळ धरा. ‘हो’ म्हणाले तर रडायचं नाही असं मी सांगणार नाही, पण ‘असं बोलू नका’, ‘आईचा विचार करा’, ‘देवाची शपथ घ्या’ ही तीन वाक्यं तेवढी टाळा. आई आठवून ते आणखीच खाली जातील. त्याऐवजी, कधीपासून येतं? कुठल्या वेळी जास्त येतं? काही ठरवलंय का? हे शांतपणे विचारा. ठरवलंय असं म्हणाले, तर त्या क्षणापासून त्यांना एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं. आणि ‘कुणाला सांगू नका’ असं त्यांनी म्हटलं तर तसा शब्द देऊ नका. ‘तुमच्या जिवाची गोष्ट मी एकटी पोटात ठेवणार नाही’ असं सरळ सांगा.

आता सासूबाईंच्या वाक्याकडे येते. तुमच्या पत्राचा गाभा मला तिथे दिसतो. स्वभावाक औषध नाय. ही म्हण आपण हट्टी माणसाबद्दल वापरतो, चिकट माणसाबद्दल वापरतो, आणि तितक्याच सहजपणे अशा माणसाबद्दलही वापरतो जो रोज सांगत असतो की मी कुचकामी आहे. तिथे ती म्हण वापरली की आपण ऐकणं थांबवतो.

भाऊजींचा स्वभाव म्हणून तुम्ही जे लिहिलंय ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. कंपनी बंद पडली तेव्हा तिथले सगळेच घरी गेले, पण भाऊजी सांगतात, ‘मला मुंबईत जमलं नाही.’ गेले दोन हंगाम शेजारच्या होड्याही रिकाम्या परतल्या असं तुम्हीच लिहिलंय, पण ते म्हणतात, माझ्या हाताला यश नाही. भजनी मंडळातले लोक पखवाजाचं कौतुक करतात, तर त्यावर उत्तर, ‘बरं वाटावं म्हणून म्हणतात.’ बघा, वाईट घडलं की ते आपल्यामुळे, चांगलं घडलं की ते लोकांच्या भिडेमुळे. माणूस जगाकडे बघायच्या आधीच निकाल लागलेला असतो, मग येणारी प्रत्येक गोष्ट त्या निकालाला पुरावा म्हणून जोडली जाते. याला मी स्वभाव म्हणणार नाही. ही मनाची शिकलेली रीत आहे, आणि ती कुठे शिकली गेली याची एक खूण तुमच्या पत्रातच आहे. दहावीला गणितात नापास झाले तेव्हा सासरे पाहुण्यांसमोर म्हणाले होते, ‘ह्याच्या हातून काय होवचा नाय.’ भाऊजी ते वाक्य आजही जसंच्या तसं म्हणून दाखवतात, हसत हसत.

सासऱ्यांना मी दोषी धरत नाही. एका वाक्याने कुणी असं होत नाही. जन्मतः हळवं मन, हुशार ठरलेला थोरला भाऊ, घरातली ओढाताण, शाळेतली बाकं, असं पुष्कळ मिळून ते होतं. पण होतं ते लहानपणी, आणि तिथूनच ते खोल जातं.

आपल्याकडचा व्हाळ मे महिन्यात बघा. कोरडा ठणठणीत, वाळकी पानं पडलेली, पोरं त्यात चेंडू शोधत फिरतात. नव्या माणसाला ती पाण्याची वाट आहे हे कळणारही नाही. मिरगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की डोंगरावरचं सगळं पाणी नेमकं तिथूनच खाली येतं, कारण वर्षानुवर्षं पाण्याने तीच वाट खणलेली असते. ‘मी नालायक आहे’, ‘मी कुणाचाच नाही’, ‘मी जिथे हात लावीन तिथे नुकसान’ या समजुती अशाच असतात. दिवस बरे असतात तेव्हा त्या दिसत नाहीत. मुंबईच्या ९ वर्षांत भाऊजी हसतखेळत होते असं तुम्ही लिहिलंय, ते खोटं नव्हतं. मग नोकरी गेली, हप्ता थकला, आणि सगळं पाणी त्याच जुन्या वाटेने धावलं.

अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांचं बोलणं बारकाईने ऐकलं तेव्हा त्यांना तीन दिशांनी जाणारे विचार दिसले: मी वाईट, जग वाईट, आणि पुढेही वाईटच. यातला तिसरा विचार सगळ्यात घातक. माणूस दुःखी असतो तेव्हा तो निदान दुःख संपण्याची वाट तरी बघतो. पुढे काही बदलणारच नाही असं वाटू लागलं की वाट बघणंही थांबतं. बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जीव देण्याचे विचार येतात म्हणून दाखल झालेल्या २०७ रुग्णांचा पुढची ५ ते १० वर्षं मागोवा घेतला आणि तो १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्यापैकी ज्यांनी पुढे जीव दिला, त्यांना ओळखण्यासाठी नैराश्य किती तीव्र होतं यापेक्षा आशा किती आटली होती हे जास्त उपयोगी पडलं. आशा आटलेला प्रत्येक जण जीव देतो असा याचा अर्थ अजिबात नाही. बहुतेक जण देत नाहीत. पण ‘उदास आहे का?’ एवढंच विचारून थांबू नका, ‘पुढच्या वर्षी या वेळेला काय चित्र दिसतंय?’ हेही विचारा. भाऊजींना पुढच्या वर्षीच्या चित्रात स्वतः दिसतच नसतील, तर ते ऐकून घेणं फार गरजेचं आहे.

दुसरी गोष्ट ते ‘एक तोंड कमी’ वाक्य. थॉमस जॉइनर या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात दोन भावनांवर बोट ठेवलं आहे: मी इतरांवर ओझं आहे, आणि मी कुणाचाच नाही. या दोन्ही एकत्र आल्या आणि आता यात बदल नाही असं वाटू लागलं, की मरणाची इच्छा बळावते. ओझं असल्याची भावना इतकी फसवी असते की माणसाला आपलं जाणं हा घरावरचा उपकार वाटायला लागतो. भाऊजींनी विम्याचे कागद नीट लावून दिले त्यामागे हाच हिशेब असेल का, ही शंका तुम्हाला आली आणि मलाही आली. हा हिशेब खोटा आहे. असा माणूस गेलेली घरं मी पाहिली आहेत. तिथे कुणाचंच ओझं कमी झालेलं नसतं. वीस वर्षांनीही जेवताना त्या पाटाकडे बघवत नाही.

पण हे त्यांना पटवायला जाऊ नका. ‘तू ओझं नाहीस रे’ असं तुम्ही दहा वेळा म्हणालात तर ते दहा वेळा ‘वहिनी चांगली आहे म्हणून म्हणते’ असं मनात टिपून ठेवतील. खोल रुजलेली समजूत वादात हरत नाही. ‘पॉझिटिव्ह विचार कर’ हा सल्ला म्हणूनच मला आवडत नाही. ज्याला तो जमत नाही त्याच्या यादीत आणखी एक अपयश वाढतं, एवढंच होतं.

मग काय करता येतं? ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ मार्क विल्यम्स यांनी १९८०च्या दशकात जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या रुग्णांच्या आठवणींवर काम केलं. त्यांना दिसलं की या लोकांना एखादा ठरावीक दिवस, ठरावीक प्रसंग आठवून सांगणं जड जातं. आनंदाची आठवण विचारली तर ‘लहानपणी बरं होतं’ असं सगळं सरसकट येतं. आणि आठवणी सरसकट झाल्या की पुढच्या अडचणीतून वाट काढणंही कठीण होतं, कारण मागे कधी कशी वाट काढली तेच हाताशी येत नाही. म्हणून भाऊजींशी बोलताना तुम्ही बारीक तपशिलात जा. ‘तुम्ही किती छान वाजवता’ असं म्हणू नका. ‘चौथ्या रात्री बुवांनी चाल बदलली आणि तुम्ही मागचा ठेका सोडून त्यांना धरलंत, ते कसं कळलं तुम्हाला?’ असं विचारा. याचं उत्तर द्यायला त्यांना त्या रात्रीत परत जावं लागेल. तिथे ते नालायक नव्हते, हे तुम्ही सांगायची गरज उरणार नाही.

आणि तो पाग. तुमचा मुलगा अकरा वर्षांचा, त्याला पाग फेकता येत नाही, तो खुंटीला लटकून आहे असं तुम्ही म्हणालात. परत करू नका. परत केलात तर त्यांना वाटेल आपण दिलेलंही कुणाला नको आहे. मुलाला सांगा, काकांच्या मागे लाग, मला शिकवा म्हण. ओहोटीला उथळ पाण्यात उभं राहून पाग गोल उघडेपर्यंत शिकवायचं म्हणजे आठवड्यांचं काम आहे, आणि ते काम गावात भाऊजींइतकं कुणाला येत नाही हे तुमच्या मुलाला मनापासून वाटतं. ज्याला आपण निरुपयोगी वाटतो त्याच्या हाताला खोटं काम देऊ नये, ते त्याला लगेच कळतं. हे काम खरं आहे. मात्र लक्षात ठेवा, यात मुलावर काकांना सांभाळायची जबाबदारी टाकायची नाही. त्यांच्या मनात ठरावीक काही असल्याचं कळलं, तर आधी डॉक्टर, पाग नंतर, आणि तोवर दोघांनाच पाण्यावर पाठवायचं नाही.

सगळं मनातच आहे असं मात्र मी म्हणत नाही. कर्ज खरं आहे. हप्ते थकल्यावर वसुलीचे फोन येतात तेही खरे आहेत. समजुतींवर काम करायचं आणि कर्ज तसंच लोंबकळत ठेवायचं, हे म्हणजे गळकं छप्पर सोडून भिंती पुसणं झालं. इथे तुमच्या यजमानांची गरज आहे. त्यांना भावाशी मनातलं बोलायला जमत नाही, हे मी समजू शकते. तेही त्याच वडिलांच्या हाताखाली वाढले. एकाला ‘हुशार’ ठरवलं आणि एकाला ‘कुचकामी’, आणि दोघांनाही मन मोकळं करायला कुणी शिकवलं नाही. पण ते पिशवी उघडून भावाशेजारी बसू शकतात. किती मुद्दल, किती थकबाकी, हे एका कागदावर लिहू शकतात. बँकेत दोघांनी मिळून जाऊन हप्ते लांबवून मिळतील का, हे साहेबांना तोंडावर विचारू शकतात. इंजिन विकावं लागलं तर काय, यावर बोलू शकतात. ‘कागद वहिनीकडे दिले’ इथून ‘कागद घेऊन दादाबरोबर बसलो’ इथपर्यंत आलं, तर त्या कागदांचा अर्थच बदलतो.

आता औषधाचं. आहे औषध. अमेरिकेत २००५ मध्ये ग्रेगरी ब्राउन, बेक आणि सहकाऱ्यांनी, नुकताच जीव देण्याचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १२० जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीने, विचारांच्या या रीतीवरच काम करणारी १० सत्रं मिळाली. पुढच्या दीड वर्षात नेहमीच्या उपचारांच्या गटात ४२ टक्के लोकांनी पुन्हा प्रयत्न केला, सत्रं मिळालेल्या गटात २४ टक्क्यांनी. फक्त दहा बैठका, ताई. व्हाळ बुजवता येत नाही, पण आपल्या गावांत थंडीच्या सुरुवातीला सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारे घालतात ना, तसं हे काम असतं. एकेक पोतं. जुनी वाट राहते, पाणी मात्र थोडं अडतं, थोडं दुसरीकडे वळतं. अशाच समजुतींवर काम करणारी, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात मराठीतून पोचवली. तेव्हा हे उपचार फक्त इंग्रजी बोलणाऱ्यांचे आहेत असं समजू नका. भाऊजींना नैराश्याचा आजार असेल तर डॉक्टर गोळ्याही देतील. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि मधेच ‘आता बरं वाटतंय’ म्हणून त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

पहिला फोन कुणाला? टेली-मानस, क्रमांक १४४१६. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीतून बोलता येतं. फक्त रुग्णानेच करायचा असं नाही, तुम्हीही करू शकता, काय बोलावं हे विचारायलाही करू शकता. जिवाला लगेच धोका आहे असं वाटलं तर १०८ किंवा ११२. प्रत्यक्ष दाखवायला ओरोसचं जिल्हा रुग्णालय तुम्हाला जवळ.

सासूबाईंना कौल लावायचा आहे तर लावू द्या. त्यांना देवाशी भांडायला लावून घरात दुसरं भांडण नको. पण दोन गोष्टी ठरवून घ्या. डॉक्टरकडे जाणं कौलावर अवलंबून ठेवायचं नाही. आणि कुणी करणी केली, कुणाचं लागलं असं भाऊजींच्या कानावर जाता कामा नये, कारण आपण घराला बाधा आहोत ही समजूत त्यांच्यापाशी आधीच आहे. मला विचाराल तर आपल्या गाऱ्हाण्यात मोठं शहाणपण आहे. सगळ्या गावासमोर, मोठ्याने, घरातलं संकट बोलून दाखवायचं आणि भोवतालच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. संकट तोंडाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ते ऐकलं असं म्हणायचं, ही रीत आपल्याकडे आहेच. भाऊजींच्या बाबतीत ती घरातल्या घरात वापरायची आहे.

‘रत्नागिरीला न्यायची पाळी आली’ असं गाव म्हणेल ही भीती तुमच्या यजमानांनी बोलून दाखवली. आपल्या बाजूला रत्नागिरी म्हटलं की लोकांना मनोरुग्णालयच आठवतं, हे खरं. पण मानसोपचाराच्या ओपीडीत दाखवणं म्हणजे दाखल करणं नव्हे. बहुतेक लोक गोळ्या आणि पुढची तारीख घेऊन घरी येतात. पोलिसांची भीतीही अनेक घरांत असते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं ठरवलं आहे, आणि त्याच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी केली आहे. उपचार मागायला गेलेल्याने तर भिण्याचं काहीच कारण नाही.

डॉक्टरांची भेट होईपर्यंत आणि नंतरही एक कागद जवळ ठेवा. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तयार केलेली ही साधी पद्धत आहे. वादळ येण्याआधी शांत वेळी, भाऊजींच्याच शब्दांत, त्यांच्याच हाताने लिहायचं. वादळ येतंय हे मला कसं कळतं? (उदाहरणार्थ, फोन बंद करून रात्री जेटीवर एकटा बसतो, जेवण नको वाटतं.) तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो? (पखवाजाला शाई, जाळं सांधणं.) कुणाकडे जाऊन बसलो तर मन वळतं? कुणाला सरळ सांगू शकतो? त्या माणसाचा नंबर. मग १४४१६, डॉक्टरांचा नंबर. आणि शेवटी, घरात काय काय माझ्यापासून लांब ठेवायचं? हा शेवटचा प्रश्न तुम्ही आणि यजमानांनी आजच हातात घ्या. बागेतली फवारणीची औषधं, सासूबाईंच्या जादा गोळ्या, हे शेजारी किंवा कुलपात गेलं पाहिजे. अतिशय तीव्र इच्छेची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, तेवढा वेळ हाताशी काही नसणं हे जीव वाचवतं. दारूचंही तेच. दारू दुःख वाढवते आणि लगाम सोडवते, म्हणून निदान या महिन्यात घरात बाटली नको, यजमानांचीसुद्धा नको.

हे वाचणाऱ्यांत कुणी स्वतःच भाऊजींच्या जागी असेल, तर त्याला, तिला सांगते. तुमच्या डोक्यात जे वाक्य फिरतंय ते खूप जुनं आहे, म्हणून ते खरं वाटतं. आज रात्री त्याच्यावर काही ठरवू नका. एका माणसाला उठवा, किंवा १४४१६ फिरवा आणि ‘मला जगावंसं वाटत नाही’ एवढंच म्हणा. पुढचं ते विचारतील.

तुमच्याबद्दलही, ताई. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘माझं चुकलं आणि काही झालं तर?’ हे एकटीने उचलायचं ओझं नाही, म्हणूनच मी यजमानांना यात ओढते आहे. रात्री कोण जागं, दिवसा कोण बरोबर, हे वाटून घ्या. भाऊजींच्या मित्रांपैकी भजनातल्या एखाद्या जोडीदाराला विश्वासात घ्या. आणि तुमची झोप उडाली आहे हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

गुरुवारी तुम्ही तिघं ओरोसला निघणार आहात. मानसोपचाराची ओपीडी त्या दिवशी आहे ना, हे आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या. पहिली एसटी धरा, केसपेपरच्या रांगेत वेळ जातो. डबा आणि पाणी घ्या. रांगेत भाऊजी एकदा तरी म्हणतील, ‘चला वहिनी, उगीच दिवस मोडला तुमचा.’ तेव्हा समजावायला जाऊ नका. डबा उघडा, त्यांच्या हातावर भाकरी ठेवा, आणि नंबर लागेपर्यंत बसून राहा. आत गेल्यावर ते ‘काही नाही, जरा झोप येत नाही’ एवढंच सांगतील असं मला वाटतं. तसं झालं तर पिशवीची आणि पागाची गोष्ट तुम्ही त्यांच्यासमोरच डॉक्टरांना सांगा.